वाटाण्याच्या बागेतील संशोधक

इ. स. १८२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील हाइन्झेनडॉर्फ या लहानशा खेड्यात, एका गरीब शेतकऱ्याच्या घरी योहान मेंडेलचा जन्म झाला. हे खेडे आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडिलांबरोबर फळझाडांची निगा राखता राखता योहानला वनस्पतींची गोडी लागली. शाळेतही तो हुशार होता; परंतु १८३८ साली जंगलात काम करीत असता वडिलांच्या अंगावर लाकडाचा ओंडका कोसळला व ते अधू झाले. आता शिक्षणासाठी पैसा कोठून आणावयाचा? तेव्हा धाकटी बहीण तेरेसिया हिने आपल्या हुंड्यातील वाटा भावाला दिला. हे ऋण मेंडेल कधीच विसरला नाही. पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणास त्याने मोठ्या आनंदाने साहाय्य केले.

१८४३ साली त्याने ब्रनो येथील मठात प्रवेश केला व ग्रेगोर हे नाव धारण केले. शिक्षक होण्याची त्याची फार इच्छा होती. पण त्यासाठी असलेल्या परीक्षेत तो १८५० साली अनुत्तीर्ण झाला. मठाने त्याला व्हिएन्नाच्या विद्यापीठात शिकण्यास पाठविले. तरीही १८५६ साली दुसऱ्या खेपेस त्याला अपयशच आले. मात्र त्याच वर्षी मठाच्या बागेत त्याने ज्या कार्यास आरंभ केला, त्यानेच त्याचे नाव अजरामर झाले.

आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात, हे त्याला शोधावयाचे होते. त्यासाठी त्याने वाटाण्याचे रोप निवडले. तो कळी उघडून तिच्यातील पुंकेसर काढून टाकी आणि कुंचल्याने दुसऱ्या जातीचे पराग तिच्यात घाली. गोल दाण्यांच्या व सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींचा असा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सर्व दाणे गोलच निपजले. सुरकुतलेपणा नष्ट झाला असेच कोणासही वाटले असते. मेंडेलने ते दाणे पेरले व पुढच्या पिढीची एकेक करून मोजदाद केली. ५,४७४ दाणे गोल भरले, तर १,८५० सुरकुतलेले! तीनास एक, असे हे प्रमाण होते.

यावरून त्याने अनुमान काढले, की प्रत्येक गुणासाठी रोपात दोन घटक असतात. एक मातेकडून व एक पित्याकडून आलेला. दोन्ही भिन्न असल्यास एक घटक दुसऱ्यास झाकून टाकतो. जो गुण प्रकट होतो तो प्रभावी. जो झाकला जातो तो अप्रभावी. पण झाकलेला घटक नाहीसा होत नाही. दोन्ही बाजूंनी तोच घटक आला, की तो गुण पुन्हा प्रकट होतो.

आठ वर्षांत सुमारे २८,००० रोपांचे निरीक्षण करून १८६५ साली त्याने ब्रनोच्या विद्वत्सभेपुढे आपला निबंध वाचला. पुढील वर्षी तो छापून प्रसिद्ध झाला. परंतु त्याचे मोल कोणीही जाणले नाही. १८६८ साली मेंडेल मठाधिपती झाला. मठावर बसविलेल्या कराविरुद्ध सरकारशी झगडण्यात त्याची अखेरची वर्षे गेली. ६ जानेवारी १८८४ रोजी त्याचे देहावसान झाले. ब्रनोकरांनी एक सज्जन धर्मगुरू गमावल्याचा शोक केला. एक थोर शास्त्रज्ञ गेला, हे त्यांना ठाऊक नव्हते.

पुढे १९०० साली द फ्रीस, कोरेन्स व चेर्माक हे तीन देशांतील तीन शास्त्रज्ञ अशाच प्रयोगांतून त्याच नियमांपाशी येऊन पोहोचले. तेव्हा मेंडेलचा विस्मृत निबंध जगापुढे आला आणि आनुवंशिकीच्या शास्त्राचा पाया घातला गेला. पिकांच्या व जनावरांच्या नव्या जाती तयार करणारे आजही त्या नियमांचा आधार घेतात. चौतीस वर्षे झाकले गेलेले सत्य, वाटाण्याच्या सुरकुतलेल्या दाण्याप्रमाणेच, योग्य वेळ येताच पुन्हा प्रकट झाले.