द्रवस्फटिकांचे चंद्रशेखर

एस. चंद्रशेखर म्हटले की आठवतात ते १९८३ चे नोबेल मिळविणारे खगोलशास्त्रज्ञ. मात्र याच नावाचे आणि याच घराण्याशी नाते असलेले आणखी एक थोर शास्त्रज्ञ भारतात होऊन गेले. ते म्हणजे द्रवस्फटिकांचे, अर्थात लिक्विड क्रिस्टलचे अभ्यासक शिवरामकृष्ण चंद्रशेखर. सर सी. व्ही. रामन हे खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरांचे काका, तर यांचे मामा.

६ ऑगस्ट १९३० रोजी कोलकात्यात जन्मलेल्या चंद्रशेखरांनी १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. केले आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत मामांच्या मार्गदर्शनाखाली स्फटिकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर संशोधन सुरू केले. नागपूरनेच त्यांना डी.एस्सी. दिली. केंब्रिज व लंडन येथील संशोधनानंतर १९६१ मध्ये ते म्हैसूर विद्यापीठाच्या नव्या पदार्थविज्ञान विभागाचे पहिले प्रमुख झाले. तेथेच त्यांना द्रवस्फटिकांनी वेधून घेतले.

द्रवस्फटिक पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकाप्रमाणे शिस्तीने मांडलेले असतात. उष्णता, वीज किंवा दाब यांनी ही मांडणी किंचित बदलली तरी आरपार जाणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. संगणकाच्या अशा पडद्यावर बोट दाबले असता रंग पसरतात, ते यामुळेच. नुसत्या नजरेने दाब ओळखता यावा, असा हा पदार्थ.

१९७१ मध्ये चंद्रशेखर रामन संस्थेत परतले आणि त्यांनी द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभारली. एरवी वितळून थेट द्रव होणारे काही सेंद्रिय पदार्थ मोठ्या दाबाखाली द्रवस्फटिकाची मधली अवस्था धारण करतात, हे त्यांच्या गटाने दाखवून दिले.

त्यांचे सर्वात मोठे यश १९७७ चे. द्रवस्फटिक बनण्यासाठी रेणू काडीसारखा लांबट असावा लागतो, अशी तोवर समजूत होती. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी तबकडीसारख्या चपट्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून ती मोडीत काढली. हे रेणू नाण्यांच्या चळतीसारखे एकावर एक रचले जातात. हा शोध 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभर या विषयाची नवी शाखा सुरू झाली. पडदा बाजूने पाहिला तरी चित्र स्पष्ट दिसावे, यासाठी पुढे अशाच रेणूंचा पातळ थर वापरला गेला.

१९८३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९९८ मध्ये पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतरही स्वस्थ न बसता १९९१ मध्ये त्यांनी बंगळुरूत द्रवस्फटिक संशोधन केंद्र स्थापन केले. नॅनो व मृदू पदार्थांच्या संशोधनाचे केंद्र म्हणून ते आजही कार्यरत आहे. ८ मार्च २००४ रोजी चंद्रशेखरांचे निधन झाले. नामसाधर्म्यामुळे सर्वसामान्यांना ते अपरिचितच राहिले. द्रवस्फटिकांच्या जगात मात्र चंद्रशेखर म्हटले की आठवतात ते हेच.