सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर

आपल्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या अंकात एका चित्रकाराचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कित्येकांच्या मनात येईल. शिवाय तो चित्रकार आपल्या धर्माचाही नव्हता. कारण प्रथमच सांगून टाकितो. गेल्या पावसाळ्यात आपल्यापैकी एक माउली मजकडे आली. तिचा मुलगा मुंबईस चित्रकला शिकतो. तो सुटीत घरी आला असता तिने सहज त्याच्या वह्या उघडल्या, तो पानोपानी माणसांची शरीरे: हात, पाय, पाठी, काही वस्त्रांत आणि काही उघडी. मुलगा वाईट मार्गास तर लागला नाही ना, ह्या धास्तीने तिला रात्रभर झोप लागली नव्हती. मी तिला दोन शब्द सांगून घरी पाठविले, परंतु ते उत्तर अपुरे होते, असे मला पुढे वाटत राहिले. त्या उत्तराचा राहिलेला भाग येथे लिहीत आहे.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीस झाला. आज आपण ज्यास सिंधुदुर्ग जिल्हा म्हणतो तो १९८१ साली झाला. त्या वेळी सावंतवाडी हे भोसले घराण्याचे स्वतंत्र संस्थान होते. मोती तलावाच्या काठचे हे गाव रंगांस परके नव्हते. तेथील चितारी लाकडी खेळणी करीत, त्यांवर लाखेचे रंग चढवीत, गंजिफांची गोल पाने रंगवीत. बालपणी जे डोळ्यांसमोर असते ते माणसाच्या हातात उतरते की नाही हे मी सांगू शकत नाही. पण ह्या मुलाचा हात असामान्य आहे, हे त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या ध्यानात आले आणि पुढे ती गोष्ट संस्थानाधिपतींपर्यंत पोहोचली. संस्थानच्या आश्रयाने १९०३ साली हळदणकर मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले. त्या काळी आपल्या भागातून मुंबईस जावयाचे म्हणजे बंदर गाठून आगबोट धरावयाची. आपल्या वाडवडिलांपैकी पुष्कळांनी त्याच वाटेने मुंबई पाहिली.

ही कलाशाळा १८५७ साली स्थापन झालेली. हळदणकर गेले तेव्हा सेसिल बर्न्स हे तिचे प्रमुख होते व महादेव विश्वनाथ धुरंधर तेथे शिकवीत असत. आपल्याच धर्माचे, गोव्याचे अंतोनियो शावियेर त्रिंदाद हेही त्या काळी तेथे शिक्षक होते. त्यांचे चरित्रही कधी तरी कोणी ह्या भागात लिहावयास हवे.

आता तेथे शिकवीत काय, हे सांगणे अवश्य आहे, कारण माउलीच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. विद्यार्थ्यास प्रथम जिवंत माणूस मिळत नसे. त्याच्यापुढे प्लास्टरचे पुतळे ठेवीत, त्यांत पुष्कळसे ग्रीक मूर्तींवरून काढलेले साचे असत. पुतळा हालत नाही, थकत नाही, त्याचा रंगही एकच असतो. म्हणून छाया कोठे संपते व उजेड कोठे सुरू होतो, एवढेच पाहावयास शिकणे सोपे जाते. कित्येक महिने हेच चाले. हात स्थिर झाल्यावर मग समोर माणूस बसविला जाई: कधी पांढऱ्या दाढीचा वृद्ध, कधी एखादी कष्टकरी बाई, त्यांच्या रोजच्या पोशाखात. उघड्या शरीरावरून रेखाटनाचा वर्ग त्या शाळेत ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख झाल्यावर १९१९ च्या सुमारास सुरू झाला. म्हणजे हळदणकरांचे विद्यार्थिजीवन तत्पूर्वीच संपले होते.

जिवंत माणूस समोर बसला की पुतळ्यावर शिकलेले अर्धे विसरावे लागते. तो श्वास घेतो. पाव तासाने त्याचा एक खांदा खाली येतो. मान कलते, बोटे सैल पडतात, उन्हाची तिरीप गालावरून कानावर जाते. विद्यार्थ्याने पाहिलेले पहिले रूप आता समोर नाही, आणि जे समोर आहे तेही टिकणार नाही. अशा वेळी काय ठेवावे व काय सोडावे हे त्याला तत्क्षणी ठरवावे लागते, आणि ते ठरविण्याची शक्ती पुस्तकाने येत नाही. रोज बसावे लागते. ज्यास गवयी रियाज म्हणतात तोच हा. आपल्या गायनमंडळातील मुलांस मी नेहमी सांगतो की आठवडाभर तोंड न उघडता रविवारी उंच स्वर लागत नाही. चित्रकाराच्या हाताचेही तसेच आहे.

आणि बसणाऱ्याचे काय? हालचाल न करता बसणे हेही कष्टाचे काम आहे. ज्यांनी दीर्घकाळ गुडघे टेकले आहेत त्यांस ते सांगावयास नको. चार पैशांसाठी कलाशाळेत येऊन बसलेल्या त्या गरिबांची नावे कोणत्याही पदकावर कोरलेली नाहीत, परंतु त्यांच्या कष्टावाचून एकही चित्रकार तयार झाला नसता.

उघड्या शरीराविषयी म्हणाल, तर हा प्रश्न ख्रिस्तसभेलाही नवा नाही. मायकेल-अँजेलोने सिस्टाईन मंदिराच्या भिंतीवर अंतिम न्यायाचे चित्र १५४१ साली पुरे केले. त्यातील उघड्या आकृतींनी मोठे वादळ उठले, आणि १५६५ साली डॅनियल दा व्होल्तेर्रा ह्या चित्रकाराकडून काही आकृतींवर वस्त्रे रंगवून घेण्यात आली. त्याच मंदिरातील चित्रांची स्वच्छता पुरी झाल्यावर १९९४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तेथेच उपदेश करिताना देवाने घडविलेल्या मानवी देहाच्या थोरवीचा गौरव केला. वेदीवरच्या क्रूसाकडे पाहा. ज्या कारागिराने बरगड्या, ताणलेले बाहू आणि झुकलेली मान घडविली त्याने कोणा तरी माणसाचा देह लक्षपूर्वक पाहिलाच असला पाहिजे. नजर कशी आहे हे महत्त्वाचे, आणि शिकणाऱ्याची नजर बहुधा इतकी कामात असते की तिला दुसरे काही सुचत नाही.

असो. हळदणकर शिक्षण संपवून स्वस्थ बसले नाहीत. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलाशाळा काढली. संस्थानच्या आधाराने शिकलेल्या माणसाने संस्थानात परतून नोकरी पत्करावी, हा सोपा मार्ग होता. शाळा चालविणे हा कठीण. पुढे १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. तैलरंगात त्यांनी व्यक्तिचित्रे पुष्कळ केली, पण त्यांचे खरे प्रेम जलरंगावर. एका मुसलमान यात्रेकरूच्या चित्रास बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

जलरंग हे निर्दय माध्यम आहे. तैलरंगात चूक झाली तर वर दुसरा थर देता येतो. जलरंग पारदर्शक; त्यात उजेड म्हणजे न रंगविलेला कागद. एकदा कागद मळला की गेलेला उजेड परत येत नाही. म्हणून रंग लावण्यापूर्वी हाताला सर्व ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक होण्यास वर सांगितलेला रियाज हाच एक उपाय.

त्या रियाजाचे फळ कोणास पाहावयाचे असेल तर त्याने म्हैसूरला जावे. तेथील जगनमोहन राजवाड्याच्या चित्रसंग्रहात हळदणकरांचे एक जलरंगातील चित्र आहे, १९४५-४६ च्या सुमाराचे. एक तरुण स्त्री उभी आहे. एका हातात समई नव्हे, लहानसा दिवा आहे. दुसरा हात तिने ज्योतीआड धरला आहे. ज्योत आपल्याला दिसत नाही. दिसतो तो तिचा उजेड: बोटांच्या फटींतून लालसर पाझरलेला, मग साडीच्या निऱ्यांवर, हनुवटीवर, मागच्या भिंतीवर पडलेल्या सावलीच्या कडेला. मी ते चित्र छापील प्रतींतच पाहिले आहे, तरी दर वेळी बोटांपाशी थांबतो. उजेडाने माणसाचे मांस आतून कसे तांबडे दिसते हे ज्याने हजार वेळा हात रेखाटले नाहीत त्यास कागदावर आणता येणार नाही.

समोर उभी राहिली होती ती कोणी परकी नव्हे, त्यांची स्वतःची कन्या गीता. दिवाळीत आईची साडी नेसलेल्या मुलीस त्यांनी दिवा घेऊन उभे केले आणि ती सुमारे तीन तास हालली नाही, असे ती उतारवयात सांगत असे. शंभरी ओलांडून २०१८ साली ती निवर्तली.

ह्या चित्राच्या वाट्यास एक चमत्कारिक दैव आले. ते इतके लोकप्रिय झाले, आणि करणाऱ्याचे नाव इतके मागे पडले, की पुष्कळ लोक ते राजा रविवर्मांचे समजतात. रविवर्मा १९०६ साली वारले. त्यानंतर चाळीस वर्षांनी झालेले चित्र त्यांचे कसे असेल? तरी समज जात नाही. चितार आळीच्या गावचा माणूस, मुंबईत साठ वर्षे राबला, ललित कला अकादमीने त्याचा सन्मान केला, आणि त्याची सर्वोत्तम कृती दुसऱ्याच्या नावाने घरोघरी टांगली जाते. ह्याचे वैषम्य आपल्या जिल्ह्यातील माणसांस तरी वाटावयास पाहिजे. हळदणकर १९६८ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षाच्या आसपास, निधन पावले.

ही हकीकत मी त्या माउलीस नुकतीच वाचून दाखविली. तिने सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की मुलगा नाताळात घरी आला म्हणजे त्याच्यासमोर बसावयास गावात कोण मिळेल. चर्चची घंटा वाजविणारे आपले वृद्ध काका तयार आहेत. रविवारच्या पवित्र मिस्सानंतर ते व्हरांड्यात तासभर बसतील. मात्र मधून एकदा विडी ओढावयास उठू देण्याची त्यांची अट आहे.