बार्शीचे शिक्षक व ज्योतिर्गणिती कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

जेऊरसारख्या गांवांतून शिकून गेलेले विद्यार्थी आतां पुण्यामुंबईस संगणकशास्त्राच्या पदव्या घेतात आणि त्यांतील कांहीं पीएच.डी.च्या अभ्यासासहि बसतात. त्यांच्या आईबापांस मग एक कोडें पडतें. मूल इतकीं वर्षें परीक्षांमागून परीक्षा देत आलें. आतां वर्ष दोन वर्षें झालीं तरी परीक्षा नाहीं, नेमलेलें पुस्तक नाहीं, आणि विचारावें तर अजून प्रश्नच नीटसा सांपडला नाहीं असें तें सांगतें! हा कसला अभ्यास, असें पालकांस वाटल्यास त्यांत नवल नाहीं. संशोधन करावयास माणूस शिकतो तरी कसा, ह्याचा विचार करीत असतां आम्हांस एका अशा गृहस्थाचें चरित्र आठवलें कीं ज्यांस कॉलेजांत जाऊन पदवी घेतां आली नाहीं, परंतु ज्यांनीं रचलेल्या ग्रंथावांचून भारतीय ज्योतिषाच्या अभ्यासकाचें आजहि चालत नाहीं. शिवाय ते कांहीं वर्षें आपल्याच जिल्ह्यांत शिक्षक होते.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यांत दापोलीजवळील मुरुड येथें १८५३ च्या जुलै महिन्यांत झाला. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें गांव तें हेंच. गांवच्या शाळेंतील शिक्षण आटोपल्यावर दीक्षित पुण्यास ट्रेनिंग कॉलेजांत, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेंत, आले. मॅट्रिकची परीक्षाहि त्यांनीं दिली. पुढें नोकरी धरणें भाग होतें. रेवदंडा, ठाणें, बार्शी, धुळें आणि शेवटीं पुन्हा पुण्याचें ट्रेनिंग कॉलेज, असा त्यांच्या बदल्यांचा क्रम आहे. वरवर पाहतां शाळाखात्यांतील दुसऱ्या कोणाहि शिक्षकाच्या आयुष्यांत आणि ह्यांत फरक दिसत नाहीं.

बार्शीस ते सुमारें १८८२ पासून १८८९ पर्यंत इंग्रजी शाळेंत होते. आपल्या जेऊरावरून जाणारा लोहमार्ग त्यापूर्वीं वीसएक वर्षें सुरू झाला होता; परंतु कुर्डुवाडीहून बार्शीस जाणारी अरुंद रुळांची गाडी १८९७ सालीं आली, तोंपर्यंत पुढील प्रवास रस्त्यानेंच करावा लागे. मोठीं ग्रंथालयें पुण्यामुंबईस, विद्वानांच्या सभा तेथेंच, आणि हस्तलिखितांचा सरकारी संग्रह डेक्कन कॉलेजांत. बार्शीसारख्या व्यापाराच्या पेठेंत राहणाऱ्या शिक्षकास सुटी लागेल तेव्हांच त्यांचें दर्शन व्हावयाचें. तरीहि त्यांच्या कामाचा पाया ह्याच वर्षांत भरला गेला, हें आम्हांस विशेष वाटतें.

त्या कामास निमित्त मात्र बाहेरून मिळालें. दक्षिणा प्राइज कमिटीनें १८८४ च्या सुमारास आपल्या पंचांगाच्या इतिहासावर ग्रंथ लिहिण्यास बक्षीस लाविलें. दीक्षितांस ज्योतिषाची गोडी आधींपासून होती. जनार्दन बाळाजी मोडक, विसाजी रघुनाथ लेले अशा जाणत्या गृहस्थांशीं त्यांचा विचारविनिमय चालू असे, आणि ह्या मंडळींबरोबर सायन पंचांग काढण्याच्या खटपटींतहि ते होते. सूर्याचें उत्तरायण डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास सुरू होतें आणि मकरसंक्रांत मात्र आपण जानेवारीच्या मध्यावर पाळतों, हा फरक त्यांस सोसत नसे. लोकांनीं तें पंचांग उचललें नाहीं.

इतिहास लिहावयाचा म्हटल्यावर कोणी दुसरा असता तर चार प्रसिद्ध ग्रंथ वाचून तेवढ्यावर निभावता. दीक्षितांनीं आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त व भास्कराचार्य यांच्यापासून ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञांपर्यंत आणि त्यांच्याहि पुढें, मिळेल तो ग्रंथ स्वतः पाहिला. ग्रंथकाराचा काळ कोणी सांगितला आहे म्हणून न घेतां त्याच्या ग्रंथांतील गणितावरून तो निघतो कीं काय हें तपासलें. निरनिराळ्या प्रांतांत कोणतें पंचांग कोणत्या ग्रंथावरून करितात ह्याचीहि चौकशी केली. ह्यांतील बरेचसें काम रुक्ष आहे. संगणकशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षीं दुसऱ्यांचे शेंकडों निबंध वाचावे लागतात आणि त्याला कंटाळा येतो, तो ह्याच जातीच्या कामाचा.

त्यांची खरी कसोटी लागली ती गुप्त राजांच्या शिलालेखांत. गुप्त संवत् नेमका केव्हां सुरू झाला ह्याविषयीं त्या वेळीं विद्वानांत मोठा वाद होता. कोणी इसवी सन ७७ म्हणत, कोणी १६६, कोणी १९०, तर कोणी ३१९. फ्लीट साहेब ह्या लेखांचें संपादन करीत होते व त्यांचा पक्ष ३१९-२० चा होता. मध्यप्रदेशांतील एरण येथें बुधगुप्ताच्या राज्यांतील एक स्तंभ आहे. त्यावर संवत् १६५, आषाढ शुक्ल द्वादशी, गुरुवार, असा काळ कोरला आहे. गणित करून पाहतां ही तिथि इसवी सन ४८४ च्या २१ जून रोजीं पडते आणि त्या दिवशीं गुरुवारच येतो. हें गणित दीक्षितांनीं केरो लक्ष्मण छत्रे यांच्या ग्रहसाधनाच्या कोष्टकांवरून हातानें केलें.

येथें थोडें थांबून त्या गणिताचें मर्म आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहावें. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढें गेला म्हणजे एक तिथि होते. तेव्हां तिथि काढणें म्हणजे त्या दिवसाचे सूर्य आणि चंद्र दोन्ही काढणें होय. दिवसांची गणना करावयाची, मध्यम स्थानें काढावयाचीं, त्यांस संस्कार द्यावयाचे, आणि कोठें एक अंक चुकला तर सारें फुकट. आज यंत्र हें काम डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच करील. पण शिलालेखांतील वर्ष गत धरावें कीं चालू, महिना अमावास्येस संपणारा कीं पौर्णिमेस, गणित कोणत्या सिद्धांताचें, हे प्रश्न यंत्र विचारणार नाहीं. ते माणसानेंच विचारावे लागतात, आणि दीक्षितांनीं ते विचारले.

आणखी एक गोष्ट. वार सात आहेत. म्हणून चुकीचा संवत् धरला तरी सातांत एकदां वार योगायोगानें जुळावयाचाच. दोन लेखांचे वार जुळले तर असा योगायोग एकोणपन्नासांत एकदां, तिघांचे जुळले तर तीनशें त्रेचाळीसांत एकदां. ह्यासाठीं एका एरणच्या लेखावर भिस्त ठेवून चालण्यासारखें नव्हतें. गुप्तकालीन कांहीं लेखांत महाचैत्र, महावैशाख अशीं बृहस्पतीच्या बारा वर्षांच्या चक्रांतील संवत्सरांचीं नांवें आहेत. गुरूचा उदय सुमारें ३९९ दिवसांनीं होतो, म्हणून बारा वर्षांत उदय अकराच होतात आणि एका संवत्सराचें नांव गळतें. गुरु ज्या नक्षत्रांत उगवतो त्यावरून संवत्सराचें नांव ठरविण्याची ही जुनी रीति दीक्षितांनीं उलगडून दाखविली व तिनें लेखांचे काळ पडताळले. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ सालीं निघाला, त्यांत ह्या चक्रावरील दीक्षितांचें स्वतंत्र परिशिष्ट आहे. बार्शीच्या शाळेंतील शिक्षकाचें गणित अशा रीतीनें प्राचीन भारताच्या कालगणनेच्या पायांत बसलें.

वेदांगज्योतिष हा लहानसा ग्रंथ. ऋग्वेदाचा पाठ ३६ श्लोकांचा. पण पाठ इतका भ्रष्ट आणि भाषा इतकी आंखडलेली कीं थीबो ह्या जर्मन पंडितानें १८७७ सालीं त्याचें विवरण केलें तरी अनेक श्लोक न उलगडतांच राहिले. त्यांतील कांहींचा अर्थ दीक्षितांनीं लाविला. जे लागले नाहींत त्यांस ओढूनताणून अर्थ चिकटविला नाहीं; ते लागले नाहींत असें ठेविलें. पुढें लाला छोटेलाल, सुधाकर द्विवेदी, शामशास्त्री ह्यांनीं त्याच श्लोकांवर परिश्रम केले.

दीक्षितांचें नांव लोकांत ज्या शोधाबद्दल घेतलें जातें तो मात्र दुसरा आहे. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत अशा अर्थाचा उल्लेख शतपथब्राह्मणांत आहे. संपातचलनामुळें नक्षत्रांचीं उदयस्थानें हळूहळू सरकतात. कृत्तिका बरोबर पूर्वेस उगवत तो काळ इसवी सनापूर्वीं सुमारें ३००० वर्षांचा, असें त्यांनीं १८९५ सालीं मांडलें. विद्यार्थ्यांनीं कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सायंकाळीं जेऊरच्या शिवारांत उभें राहून पाहावें: आज कृत्तिका पूर्वबिंदूच्या उत्तरेस सुमारें २५ अंशांवर उगवतात. ह्या अनुमानाविषयीं पुढील विद्वानांत एकमत नाहीं. तें वाक्य इतकें काटेकोर धरावें कीं नाहीं, ही मुख्य शंका. आमच्या मतें शिलालेखांचें काम अधिक भक्कम आहे, जरी त्याचा गाजावाजा कमी झाला.

बक्षीस दीक्षितांच्या ग्रंथास मिळालें; छापून निघण्यास मात्र १८९६ साल उजाडलें. भारतीय ज्योतिःशास्त्र ह्या नांवानें तो प्रसिद्ध आहे. त्याच वर्षीं मद्रास इलाख्यांतील अधिकारी रॉबर्ट सीवेल आणि दीक्षित यांचा भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथ लंडनला निघाला. इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंतच्या कोणत्याहि तिथीची तारीख त्यांतील कोष्टकांवरून काढतां येते. मुलांकरितां व सामान्य वाचकांकरितां लिहिलेला ज्योतिर्विलास त्याआधींचा. एवढें सारें शाळेच्या तासांखेरीजच्या वेळांत झालें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे मन थक्क होतें.

१८९८ च्या २० एप्रिल रोजीं दीक्षित वारले; वय अवघें ४४ वर्षांचें. मोठ्या ग्रंथाची दुसरी आवृत्ति १९३१ सालीं निघाली, हिंदी भाषांतर १९५७ सालीं, आणि इंग्रजी भाषांतराचे दोन भाग भारत सरकारनें १९६९ व १९८१ सालीं प्रसिद्ध केले. मूळ ग्रंथ मराठींत लिहिला गेल्यामुळें परप्रांतींच्या अभ्यासकांस इतकीं वर्षें वाट पाहावी लागली; आमच्या विद्यार्थ्यांस तशी अडचण नाहीं.