पंडिता रमाबाई व वचनाचा अर्थ

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळ्यांत सर्वांच्या मुखी आहे. अनाथ विधवांची माउली म्हणून त्यांस लहान मुलेही ओळखतात. परंतु शास्त्र कसे वाचावे, याविषयी त्यांच्या चरित्रापासून जो बोध होतो, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. म्हणून त्यांचे चरित्र याच एका अंगाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

बाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. लोकमत विरुद्ध असताही त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हीस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ती विद्या कन्येस दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून देवळांच्या आवारात पुराणे वाची. बाईंनी पुढे लिहून ठेविले आहे की, हे वाचन संस्कृतात होई व अर्थ सांगण्याचे अगत्य कोणास वाटत नसे, कारण नुसत्या श्रवणानेच पुण्य लागते अशी समजूत होती. शब्द कानी पडत, पण अर्थ दूरच राही. ही गोष्ट बाई जन्मभर विसरल्या नाहीत.

दुष्काळात आईबाप व थोरली बहीण मरण पावल्यावर बाई आपला बंधू श्रीनिवास याजबरोबर पायी फिरत 1878 साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. स्त्रियांच्या धर्मावर व्याख्याने देण्याचे काम अंगावर आले, तेव्हा ऐकीव गोष्टींवर विसंबून न राहता त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ स्वतः पाहिले. शास्त्रात असे आहे असे लोक म्हणतात ते एक, आणि शास्त्रात खरोखर काय आहे ते दुसरे, हे त्यांस त्या वेळी कळले.

1880 साली त्यांचा विवाह झाला व 1882 साली वैधव्य आले. सिल्चर येथे असता लूककृत शुभवर्तमानाचे एक बंगाली पुस्तक त्यांच्या हाती आले होते. पुढे त्या इंग्लंडास गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. लंडनजवळ फुलहॅम येथे पतित स्त्रियांची प्रेमाने होत असलेली सेवा त्यांनी पाहिली. त्यासमयी योहानाच्या चवथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचली गेली, आणि ख्रिस्त स्त्रीजातीशी कसा वागला हे त्यांच्या मनावर ठसले.

बाप्तिस्म्यानंतरही कोणी सांगितले म्हणून एखादे मत त्यांनी पत्करिले नाही. वाँटेज येथील भगिनींशी सिद्धांतांविषयी त्यांचा मोठा पत्रव्यवहार झाला. हे शास्त्रात कोठे आहे, असा त्यांचा प्रश्न असे. त्या भगिनींस याचे दुःख झाले, तरी बाईंनी विचारणे सोडिले नाही.

परंतु स्वतः वाचणे म्हणजे मन मानेल तो अर्थ लावणे नव्हे, हे त्यांच्या उत्तरायुष्यावरून दिसते. 1889 साली मुंबईस शारदासदन निघाले. 1896–97 च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो अनाथ मुली व विधवा आणून बाईंनी केडगाव येथे त्यांस आश्रय दिला. त्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या आणि संस्कृतप्रचुर मराठी त्यांस समजत नसे. तेव्हा वयाच्या पंचेचाळिशीनंतर बाई इब्री व ग्रीक शिकल्या, आणि सर्व शास्त्र मुळावरून सोप्या मराठीत आणण्यास त्यांनी हात घातला. एकेका शब्दाचा त्या त्या ठिकाणी काय अर्थ आहे, याचा त्या शोध करीत. ज्या मराठी शब्दाने ऐकणाऱ्याच्या मनात भलताच अर्थ उभा राहील, तो त्या टाळीत. ज्यांस भागवताचे सहस्रावधी श्लोक मुखोद्गत होते, त्यांनी आपले पांडित्य बाजूस ठेवून खेड्यातील बाईस कळेल अशी भाषा लिहिली. या कामी सुमारे अठरा वर्षे गेली. 1921 साली मनोरमा निवर्तली, तरी काम थांबले नाही. ते पुरे होताच 5 एप्रिल 1922 रोजी बाई प्रभूकडे गेल्या. मुक्तिसदनाच्या छापखान्यात स्त्रियांनीच छापिलेला तो सबंध ग्रंथ 1924 साली बाहेर पडला.

बाईंच्या कामाची एक शाखा 1912 साली गुलबर्ग्यास शाळेच्या रूपाने निघाली. आपले जिंतूर त्या काळी गुलबर्ग्याप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते. तेव्हा हे चरित्र आपणांस परके नाही. जिंतूर तालुक्यातील एखाद्या कोरडवाहू गावी पाऊस चुकला, कापूस गेला आणि त्यातच घरचे लेकरू दगावले, असे समजा. समाचारास गेलेल्या उपदेशकाने ईयोबाचा आठवा अध्याय उघडून, मुलांच्या पापामुळेच त्यांचा नाश झाला असे वाचून दाखविले, तर त्या आईचे काय होईल? वचन तर शास्त्रातलेच आहे! पण बोलणारा कोण? ईयोबाचा मित्र बिल्दद. आणि या मित्रांचे बोलणे यथार्थ नव्हते, असे परमेश्वर स्वतः बेचाळिसाव्या अध्यायात म्हणतो. जो चौतीस अध्याय पुढे वाचीत नाही, तो देवाने नाकारलेला शब्द देवाचा म्हणून शोकग्रस्त घरात नेऊन ठेवितो. सैतानानेही स्तोत्रातलेच वचन पुढे केले होते, हे ध्यानात असावे.

इब्री व ग्रीक शिकणे आपणां सर्वांस साधणार नाही. परंतु वचन सांगण्यापूर्वी सबंध अध्याय वाचणे, कोण बोलतो, कोणास व कोणत्या प्रसंगी बोलतो हे पाहणे, आणि उलगडा न झाल्यास पाळकास विचारणे, इतके खेड्यातील प्रत्येक उपदेशकास साधेल. सायंप्रार्थनेस ज्यांस अक्षर येते त्यांनी ज्यांस येत नाही त्यांस सबंध अध्याय वाचून दाखवावा व अर्थही सांगावा. ज्या माउलीने वचनाचा खरा अर्थ निरक्षर स्त्रियांच्या हाती पोहोचावा म्हणून अठरा वर्षे वेचिली, तिच्या श्रमांचे चीज अशानेच होईल.