गर्दच्या पेशंटला माणूस म्हणून वागवायला शिकवणाऱ्या डॉ. अनिता अवचट

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजेच ब्राऊन शुगर, घरोघरच्या पोरांपर्यंत पोचली. घरच्यांना दोनच उपाय माहीत होते, मारणं किंवा कोंडून ठेवणं. दवाखान्यातसुद्धा गर्दुल्ला आला की लोक दोन हात लांबच राहायचे.

डॉ. अनिता अवचट तेव्हा पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. त्यांचे पती डॉ. अनिल अवचट यांनी गर्दवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. लेखमालेमुळे अनिल अवचटांचं नाव सगळीकडे झालं, पण केंद्र रोजच्या रोज चालवलं ते अनितांनी.

त्यांच्यासमोरचा पहिला प्रश्न औषधांचा नव्हताच. पेशंटशी आधी बोलायचं कुणी? व्यसनी माणूस खोटं बोलतो, पैसे मागतो, पळून जातो. नवख्या कार्यकर्त्याला त्याचा राग येतो आणि तिथेच उपचार फसतात. अनितांनी यावर काढलेला तोडगा तेव्हा अनेकांना धाडसाचा वाटला असणार. बरे झालेले पेशंटच त्यांनी कामाला घेतले. ज्यानं स्वतः 'टर्की' काढली आहे, त्याला समोरच्याची तडफड समजावून सांगावी लागत नाही. (गर्द बंद केल्यावर अंग मोडून काढणाऱ्या त्रासाला पेशंट टर्की म्हणतात.)

पण नुसता अनुभव पुरत नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम सोडली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, प्रसंगी जीवही जातो. म्हणजे घरात कोंडून दारू सोडवणं हा चक्क जिवाशी खेळ. अशा पेशंटला डॉक्टरकडे कधी न्यायचं, हे दारात उभ्या असलेल्या माणसालाच कळायला हवं.

वसईकरांना कृपा फाउंडेशन माहीत असेल. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्यात सुरू केलेल्या या संस्थेचं वसईतही केंद्र आहे. तिथेही व्यसनातून बाहेर पडलेली माणसं दुसऱ्यांना आधार देतात.

पुढे अनितांना कॅन्सर झाला. उपचार सुरू असतानाही त्या केंद्रात येत राहिल्या. आपण कधी ना कधी नसणार, हे धरूनच त्यांनी सहकाऱ्यांच्या हाती काम सोपवत नेलं. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्या गेल्या.

केंद्र बंद पडलं नाही. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी जबाबदारी घेतली. पुढे केंद्र सरकारनं मुक्तांगणला विभागीय प्रशिक्षण केंद्राचा दर्जा दिला. आता इतर व्यसनमुक्ती केंद्रांचे समुपदेशक, परिचारिका आणि कार्यकर्ते तिथे शिकायला येतात. एकेकाळी पेशंट म्हणून दाखल झालेले लोक आज तिथल्या कर्मचाऱ्यांमध्ये आहेत.