डॉ. सिसिली सॉन्डर्स : आजार बरा होत नसला, तरी वेदना कमी करता येतात

मोठ्या रुग्णालयाने कॅन्सरच्या रुग्णाला घरी न्यायला सांगितले, की भांडुपमधली कुटुंबे आमच्यासारख्या जवळच्या डॉक्टरकडे येतात. तुमच्यावर ही वेळ आली असेल, तर डॉ. सिसिली सॉन्डर्स यांच्याविषयी जरूर वाचा.

१९१८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या सिसिली आधी नर्स झाल्या. पाठदुखीमुळे ते काम सुटले, म्हणून त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. तिथे भेटलेले डेव्हिड टॅस्मा १९४८ मध्ये कॅन्सरने गेले. मरणाऱ्यांना निवांत जागा हवी, हे दोघांचे बोलणे झाले होते. त्यासाठी टॅस्मांनी ५०० पौंड मागे ठेवले. तिशी उलटल्यावर सिसिली वैद्यकशास्त्र शिकल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. वेदना वाढण्याची वाट न पाहता मॉर्फिन ठरलेल्या वेळी द्यावे, हे त्यांनी दाखवून दिले. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. २००५ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

मुंबईतही वांद्र्याला १९८६ मध्ये शांती अवेदना सदन सुरू झाले.

माझ्या एमबीबीएसच्या वेळी पॅलिएटिव्ह केअर फारसे शिकवले नव्हते. नंतर शिकावे लागले. म्हणून तुमच्या डॉक्टरांना आणि आरोग्यसेविकेला त्याबद्दल स्पष्ट विचारा. रुग्णाला किती दुखते, झोप लागते का, हे रोज लिहून ठेवा. डॉक्टरांनी मॉर्फिन दिले, तर घाबरून बंद करू नका.