जिम क्लार्क : अजिंक्य मोसमाचा धनी

१९६५ च्या मे महिन्यात मोटार शर्यतींच्या जगात एक विलक्षण पेच उभा राहिला होता. ३० मे रोजी भूमध्य समुद्राच्या काठी मोनॅको ग्रां प्री होणार होती आणि दुसऱ्याच दिवशी, अटलांटिकपलीकडे, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत. पहिली शर्यत जागतिक विजेतेपदाच्या मालिकेतली. दुसरी त्या मालिकेबाहेरची, पण बक्षिसाच्या रकमेने डोळे दिपवणारी. लोटस संघाचा मालक कॉलिन चॅपमन आणि त्याचा प्रमुख चालक जिम क्लार्क यांनी मोनॅकोकडे पाठ फिरवली. आदल्याच वर्षी मेक्सिकोत, मोसमाच्या शेवटच्या शर्यतीच्या अगदी अखेरच्या फेऱ्यांत, इंजिनातील तेल गळाल्याने क्लार्कच्या हातून विश्वविजेतेपद निसटले होते. अशा माणसाने दहा शर्यतींच्या मालिकेतली एक आपणहून सोडून द्यावी, हा उघड जुगार होता.

हा जुगार खेळणारा माणूस मात्र स्वभावाने जुगारी नव्हता. किंबहुना रोजच्या व्यवहारात त्याच्याइतका अनिश्चित मनाचा माणूस शोधून सापडला नसता. कोणत्या उपाहारगृहात जेवायचे, कोणत्या रस्त्याने जायचे, अशा क्षुल्लक गोष्टींवरही त्याचे मन ठरत नसे. नखे तर तो सतत कुरतडत असे. त्याच्याबरोबर मोटारीतून प्रवास करणारे सहकारी सांगत, की निर्मनुष्य चौकातही तो दोन्हीकडे पाहत थबकून राही. शर्यतीच्या मोटारीत बसला की मात्र ही घालमेल कुठल्या कुठे जाई.

जिम क्लार्कचा जन्म ४ मार्च १९३६ रोजी स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यातल्या किलमेनी येथे झाला. चार बहिणींच्या पाठीवर झालेला हा एकुलता एक मुलगा. १९४२ मध्ये कुटुंब दक्षिणेला, इंग्लंडच्या सीमेजवळच्या बेरिकशायरमध्ये, चर्नसाइड गावाजवळच्या एडिंग्टन मेन्स या शेतावर राहायला आले. मेंढ्या, धान्याची शेते आणि वळणावळणाचे अरुंद रस्ते, असा तो मुलूख. एडिंबराजवळच्या लोरेटो या शाळेत जिमचे शिक्षण चालू असताना आजोबा आणि काका थोड्या अंतराने वारले. शेतीचा भार वाढला आणि सोळाव्या वर्षीच शाळा सोडून त्याला घरी परतावे लागले. पुढे साऱ्या जगाने त्याला शर्यतपटू म्हणून ओळखले, तरी स्वतःला तो शेतकरीच समजत असे.

शर्यतींचे वेड आई-वडिलांना मुळीच मान्य नव्हते. एकुलत्या एक मुलाने जिवावरचा खेळ खेळावा हे कोणत्या घराला रुचेल? सुरुवातीच्या काळात तर शर्यतीत भाग घेतल्याचे तो घरी सांगतही नसे. १९५६ मध्ये अॅबरडीनशायरमधील क्रायमंडच्या जुन्या विमानतळावर इयन स्कॉट वॉटसन या शेतकरी मित्राने आपली छोटी डीकेडब्ल्यू मोटार त्याला चालवायला दिली. मालकापेक्षा पाहुण्याचाच वेग इतका अधिक निघाला, की स्कॉट वॉटसनने त्यानंतर स्वतः शर्यती करण्यापेक्षा मित्राला पुढे आणण्याचाच ध्यास घेतला. लवकरच क्लार्क ‘बॉर्डर रीव्हर्स’ या स्थानिक संघाकडून जग्वार चालवू लागला. डिसेंबर १९५८ मध्ये ब्रँड्स हॅच येथे लोटसच्या इलाइट मोटारींच्या एका छोट्या शर्यतीत तो दुसरा आला. पहिला आला तो त्या मोटारीचा निर्माता, खुद्द कॉलिन चॅपमन. दोघांची गाठ पडली ती अशी.

ही जोडी क्रीडा इतिहासातल्या थोर जोड्यांपैकी एक. चॅपमन प्रतिभावान अभियंता होता. मोटार जितकी हलकी तितकी वेगवान, हे त्याचे सूत्र. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्याने नळ्यांचा सांगाडा काढून टाकला आणि विमानाच्या धर्तीवर अॅल्युमिनियमच्या पत्र्याची एकसंध काया बनवली. चालक तिच्यात जवळजवळ आडवा पहुडलेला असे. मोटार हलकीही झाली आणि ताठही. आजच्या शर्यतीच्या मोटारींची वंशावळ याच रचनेपाशी जाऊन पोहोचते. पण हलकेपणाची किंमत असते. लोटसची मोटार कधी, कुठे मोडेल याचा नेम नसे, आणि तिच्यात बसणाऱ्याला ते माहीत असे. क्लार्कचा चॅपमनवरील विश्वास म्हणूनच साधा नव्हता. त्यात मैत्री होती आणि डोळसपणे पत्करलेली जोखीमही होती.

मृत्यू तर त्याने पहिल्यापासून जवळून पाहिला. १९५८ मध्ये बेल्जियमच्या स्पा येथे त्याची परदेशातली पहिली मोठी शर्यत झाली, त्याच शर्यतीत आर्ची स्कॉट ब्राउन हा नावाजलेला चालक प्राणास मुकला. १९६० मध्ये त्याच स्पा सर्किटवर, क्लार्कच्या अवघ्या दुसऱ्या ग्रां प्रीत, ख्रिस ब्रिस्टो आणि लोटसचाच अॅलन स्टेसी हे दोन तरुण चालक ठार झाले. ब्रिस्टोचा रस्त्यावर पडलेला देह क्लार्कने जेमतेम चुकवला. शर्यतीनंतर त्याच्या मोटारीवर रक्ताचे शिंतोडे आढळले. सप्टेंबर १९६१ मध्ये इटलीतील मोंझा येथे विजेतेपदाच्या उंबरठ्यावर असलेल्या वोल्फगांग फॉन ट्रिप्सच्या फेरारीची आणि क्लार्कच्या लोटसची धडक झाली. फेरारी बांधावरून उसळून प्रेक्षकांत शिरली. फॉन ट्रिप्स आणि पंधरा प्रेक्षक मृत्युमुखी पडले. क्लार्कला इजा झाली नाही, पण इटालियन चौकशीचा ससेमिरा काही वर्षे त्याच्या मागे होता. या प्रसंगानंतर शर्यती सोडून शेतावर परतण्याचा विचार त्याच्या मनात बळावला होता. तो परतला नाही. स्पा सर्किटचा त्याला कायम तिटकारा वाटत राहिला, आणि तरीही १९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षे बेल्जियन ग्रां प्री त्यानेच जिंकली. भीती आणि कर्तबगारी अशा एकाच ठिकाणी नांदाव्यात, हे कोडे त्याच्या चरित्रकारांनाही पुरते सुटलेले नाही.

१९६२ च्या शेवटी दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन येथे आघाडीवर असताना एक बोल्ट निसटला, तेल वाहून गेले आणि विजेतेपद ग्रॅहम हिलकडे गेले. १९६३ मध्ये क्लार्कने दहापैकी सात शर्यती जिंकून ते मिळवले. १९६४ ची हुलकावणी वर आलीच आहे. या पार्श्वभूमीवर १९६५ उजाडले, आणि अक्षरशः पहिल्याच दिवशी, १ जानेवारीला, ईस्ट लंडनमध्येच क्लार्कने मोसमाची पहिली शर्यत जिंकली. त्यानंतर न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील टास्मन मालिकाही त्याने खिशात घातली.

मग आले इंडियानापोलिस. अमेरिकेच्या या शर्यतीत पुढे इंजिन असलेल्या धिप्पाड मोटारींचे राज्य होते. चॅपमनने फोर्ड कंपनीच्या पैशावर आणि इंजिनावर तिथे चालकाच्या मागे इंजिन असलेली सडपातळ लोटस नेली, तेव्हा प्रारंभी तिची थट्टाच झाली. १९६३ मध्ये क्लार्क दुसरा आला आणि थट्टा थांबली. १९६४ मध्ये तो पात्रता फेरीत सर्वांत वेगवान ठरला, पण टायर फाटून मोटारीचे निलंबनच मोडले. त्याच शर्यतीत दुसऱ्या फेरीतल्या आगीने एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनल्ड यांचा बळी घेतला होता. १९६५ मध्ये मात्र काहीही मोडले नाही. इंधन भरण्यासाठी थांबण्याच्या वेळी व्हर्जिनियाच्या वुड बंधूंनी विलक्षण चपळाई दाखवली. २०० फेऱ्यांपैकी १९० फेऱ्यांत क्लार्क आघाडीवर होता. ताशी १५० मैलांहून अधिक सरासरी वेगाने त्याने पाचशे मैल पार केले. पाठीमागे इंजिन असलेल्या मोटारीचा तो तिथला पहिला विजय. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर परदेशी चालकाने जिंकलेली ती पहिलीच शर्यत. लोटसच्या तिजोरीत दीड लाख डॉलरहून अधिक रक्कम पडली. पुढच्या वर्षापर्यंत पुढे इंजिन असलेल्या मोटारी तिथून जवळपास नामशेष झाल्या. एखाद्या शर्यतीच्या निकालाने एका अख्ख्या यंत्रपरंपरेचा असा शेवट व्हावा, हे क्वचितच घडते.

दरम्यान मोनॅको ग्रॅहम हिलने जिंकली होती. आता उरलेल्या आठ शर्यतींत ते अंतर भरून काढायचे होते. नियम असा, की दहा शर्यतींपैकी सर्वोत्तम सहा निकालांचेच गुण धरायचे आणि विजयाला नऊ गुण. १३ जूनला स्पा येथे पाऊस कोसळत होता. क्लार्क पहिला आला आणि त्याचा तरुण स्कॉटिश मित्र जॅकी स्टुअर्ट दुसरा. २७ जूनला फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँच्या डोंगरी रस्त्यांवर सरावातच नव्या मोटारीचे इंजिन कुरकुरले, म्हणून क्लार्कने जुनी लोटस २५ बाहेर काढली आणि तिच्यातच शर्यत जिंकली.

१० जुलैची सिल्व्हरस्टोनची शर्यत मात्र वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावी लागते. सुरुवातीपासून क्लार्क पुढे होता. पण अखेरच्या टप्प्यात तेल कमी होऊ लागले आणि वळणांवर इंजिनातील तेलाचा दाब घसरू लागला. असेच चालू राहिले असते तर इंजिन जळून गेले असते. आणि ईस्ट लंडन व मेक्सिको येथे तेलानेच दगा दिल्याची आठवण ताजी होती. क्लार्कने एक अजब उपाय योजला. वळण आले की तो इंजिन बंद करी, मोटार नुसत्या गतीवर वळणातून सोडून देई आणि सरळ रस्ता लागताच पुन्हा सुरू करी. मागून हिल प्रत्येक फेरीला अंतर कापत होता. पण शेवटी केवळ ३.२ सेकंदांच्या फरकाने क्लार्क जिंकला. प्रेक्षकांना दिसला तो मंदावलेला नायक; त्या मंदावण्यात केवढे कौशल्य होते, ते नंतर कळले. त्याच्या मोटारीचे ब्रेक आणि टायर इतरांपेक्षा कमी झिजतात, हे लोटसच्या तंत्रज्ञांना आधीपासून ठाऊक होते. यंत्राशी झोंबी न घेता त्याला गोंजारत नेण्याची ही हातोटी त्याच्याइतकी कोणाजवळ नव्हती.

१८ जुलैला हॉलंडमधील झांडफोर्टही त्याने जिंकले. उरले होते जर्मनीतील नुर्बुर्गरिंग : जंगलातून, चढउतारांवरून जाणारी जवळपास २३ किलोमीटरची एक फेरी. तिथे क्लार्कला आजवर यश नव्हते. १९६२ मध्ये तर इंधनाचे पंप सुरू करायलाच तो विसरला होता आणि सर्वांच्या मागून सुरुवात करून चौथा आला होता. १ ऑगस्ट १९६५ रोजी मात्र त्याने पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत आघाडी सोडली नाही. भाग घेतलेल्या सहाच्या सहा शर्यतींत विजय, नियमांनुसार मिळू शकणारे सर्वच्या सर्व ५४ गुण आणि तीन शर्यती बाकी असतानाच विश्वविजेतेपद. मोनॅकोची अनुपस्थिती कोणाच्या ध्यानातही राहिली नाही. उरलेल्या तीन शर्यतींत त्याला एकही गुण मिळाला नाही. मोंझाला स्टुअर्टने आपला पहिला विजय मिळवला, वॉटकिन्स ग्लेनला हिल जिंकला, तर मेक्सिकोत होंडाने पहिल्यांदा बाजी मारली. इंडियानापोलिस आणि विश्वविजेतेपद एकाच वर्षी जिंकण्याचा पराक्रम त्याच्याखेरीज आजवर कोणाला साधलेला नाही.

१९६६ मध्ये नियम बदलले, इंजिने दुपटीने मोठी झाली आणि लोटसजवळ योग्य इंजिन नव्हते. त्या वर्षी एकच विजय पदरी पडला. १९६७ मध्ये फोर्डच्या पैशातून कॉसवर्थ कंपनीने घडवलेले नवे इंजिन आले आणि पहिल्याच शर्यतीत, झांडफोर्टला, क्लार्कने ते विजयी केले. त्याच वर्षी मोंझाला चाकातील हवा गेल्याने तो पूर्ण एक फेरी मागे पडला. ती सगळी फेरी त्याने भरून काढली, पुन्हा आघाडी घेतली आणि शेवटच्या फेरीत इंधन संपत आल्याने तिसरा आला. हरलेल्या शर्यतीने कीर्ती वाढावी, असे भाग्य फार थोड्यांना लाभते. १ जानेवारी १९६८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे त्याने पंचविसावी ग्रां प्री जिंकली आणि हुआन मॅन्युएल फांजिओचा २४ विजयांचा विक्रम मागे टाकला. त्याने या २५ शर्यती जिंकल्या त्या केवळ ७२ प्रयत्नांत.

७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील होकेनहाइमला तो उतरला ते फॉर्म्युला टूच्या एका दुय्यम शर्यतीत. रस्ता ओला होता. पाचव्या फेरीत जंगलातून जाणाऱ्या वेगवान पट्ट्यावर त्याची लोटस एकाएकी भरकटली आणि झाडांवर आदळली. रस्ता आणि झाडे यांच्यामध्ये कुठलाही कठडा नव्हता. मागच्या टायरमधील हवा हळूहळू गेली असावी, असा तपासाचा कल होता. क्लार्क ३२ वर्षांचा होता. इतर चालकांना हादरा बसला तो निव्वळ दुःखाचा नव्हता. चूक न करणारा माणूस म्हणून ज्याच्याकडे सारे पाहत, तोच गेला, तर आपली काय कथा, हा प्रश्न प्रत्येकाला पडला. बरोबर एका महिन्याने माइक स्पेन्स इंडियानापोलिसला लोटसमध्येच गेला, जूनमध्ये लुडोव्हिको स्कारफिओटी आणि जुलैमध्ये जो श्लेसर. ज्या काळात सुरक्षिततेची मागणी करणाऱ्याला भित्रा म्हणून हिणवले जाई, त्या काळात जॅकी स्टुअर्टने कठडे, वैद्यकीय पथके आणि आसनपट्टे यांसाठी चळवळ चालवली, तिच्यामागे अशा मित्रांच्या जाण्याची यादी होती. होकेनहाइमचा तो जंगलातला पट्टा २००२ मध्ये वापरातून गेला आणि तिथे पुन्हा झाडे लावण्यात आली.

चॅपमन खचला, तरी ग्रॅहम हिलने त्याच वर्षी लोटसला विश्वविजेतेपद मिळवून दिले. क्लार्कचे दफन चर्नसाइडच्या चर्चच्या आवारात झाले. थडग्यावरील शिलालेखात त्याच्या नावाखाली आधी शेतकरी असा उल्लेख आहे आणि नंतर विश्वविजेता शर्यतपटू असा. मुलाने शर्यती करू नयेत म्हणून ज्यांनी एके काळी विरोध केला होता, त्या आई-वडिलांनी त्याचे चषक जवळच्या डन्स गावाच्या हवाली केले. १९६९ मध्ये तिथे एक स्मृतिदालन उघडले आणि २०१९ मध्ये त्याच जागी मोठे संग्रहालय उभे राहिले.